‘स्टेरिंग कुणाकडं?’ : ड्रायव्हर आणि आपोआप चालणारा ट्रक यांच्यातल्या संवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ट्रकच्या केबिनमधले इंटरफेस डिझाइन करतो. गाडीतला संगणक ड्रायव्हरला काय सांगणार, कधी सांगणार, कोणत्या आवाजात आणि कोणत्या शब्दांत, आणि ड्रायव्हरनं त्याला उत्तर कसं द्यायचं, हे ठरवायचं काम. घर सोलापुरात. वडिलांनी आयुष्यभर सोलापूर–हैदराबाद लाइनवर गाडी चालवली, त्यामुळं केबिन मला शाळेच्या आधी माहीत झाली. बाळे इथल्या ढाब्यावर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, अगदी लग्नाच्या पंगतीतही लोक मला जवळपास तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथं एकत्र केलेत.

इंटरफेस म्हणजे तो स्क्रीनच ना?

स्क्रीन हा त्यातला एक भाग, आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा. सीटचं थरथरणं, स्टेरिंगमध्ये जाणवणारा जोर, बझर, बोललेलं वाक्य, डॅशवरचा दिवा, ब्रेक लागताना बसणारा हलका हिसका, हे सगळं इंटरफेसच आहे. जुन्या गाडीतही तो होताच. इंजिनच्या आवाजावरून गिअर कधी बदलायचा ते कळायचं, स्टेरिंग एका बाजूला ओढायला लागलं की पुढच्या टायरातली हवा कमी झाली हे कळायचं. गाडी आणि ड्रायव्हर तेव्हाही बोलतच होते.

आता फरक एवढाच पडतो की ड्रायव्हर आणि रस्ता यांच्या मध्ये तिसरा कुणीतरी येऊन बसतो. तो पाहतो, ठरवतो, स्टेरिंग फिरवतो. त्या तिसऱ्याला बोलता आलं पाहिजे, आणि त्यानं सगळ्यात आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: आत्ता स्टेरिंग कुणाकडं आहे? वेग, डिझेल, पुढचा पंप, हवामान हे सगळं त्याच्यानंतर.

ऑटोमॅटिक गाडी तर आमच्याकडं आहे की!

ती ऑटोमॅटिक गिअरची. क्लच दाबावा लागत नाही, गिअर गाडी बदलते, पण रस्ता तुम्हीच बघता. मी बोलतोय ती गाडी पुढचं वाहन बघून स्वतः ब्रेक लावते, लेन धरून चालते आणि काही वेळ ड्रायव्हरचं काम स्वतः करते. दोन्हीला ‘ऑटो’ म्हणायची सवय लागली आहे, आणि त्यातून गैरसमज होतात. म्हणून आम्ही बटणावर ‘ऑटो’ हा शब्द लिहायचाच नाही असं ठरवलं.

लेव्हल दोन, लेव्हल तीन, हे काय प्रकरण आहे?

एसएई या वाहन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेनं २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवल्या आणि नंतर त्यात सुधारणा केल्या. दुसऱ्या पायरीवर गाडी स्टेरिंग आणि वेग दोन्ही सांभाळते, पण नजर मात्र सतत ड्रायव्हरची. तिसऱ्या पायरीवर ठरलेल्या परिस्थितीत गाडी स्वतः बघते. ड्रायव्हरनं नजर काढली तरी चालतं, पण हाक मारली की त्याला यावं लागतं. चौथ्या पायरीवर ठरलेल्या हद्दीत ड्रायव्हर लागतच नाही. अडचण आलीच तर गाडी स्वतः सुरक्षितपणे थांबते. पाचव्या पायरीवर हद्दच नाही. तशी गाडी अजून कुणाकडंच नाही.

हे आकडे इंजिनिअर आणि वकिलांसाठी ठीक आहेत. केबिनमध्ये मात्र ‘लेव्हल २’ असं लिहिलेलं मला दिसलं तर मी ते पुसायला लावतो. ड्रायव्हरला पायरीचा आकडा कळून उपयोग काय? त्याला कळायला हवं की नजर कुणाची आणि हात कुणाचे.

आपल्याकडं असे ट्रक चालतात का?

ड्रायव्हरशिवायचे ट्रक आपल्या रस्त्यावर नाहीत. १९८८ चा मोटार वाहन कायदा गाडीत लायसन्सधारक माणूस आहे असं धरूनच लिहिलेला आहे. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्टच सांगितलं होतं की लाखो ड्रायव्हरांचा रोजगार जाईल म्हणून ते विनाचालक गाड्या देशात येऊ देणार नाहीत. तिकडं अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑरोरा या कंपनीनं २०२५ मध्ये डॅलस ते ह्यूस्टन अशी ड्रायव्हरशिवाय मालवाहतूक सुरू केली. काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीनं विनंती केल्यावर त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर पुन्हा एक माणूस बसवावा लागला.

पण ‘आपल्याकडं नाही’ म्हणून हा विषय लांबचा ठरत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२५ मध्ये अवजड वाहनांसाठी आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा आणि पेंग आल्याचा इशारा सक्तीचे करण्याचा मसुदा काढला. म्हणजे ट्रक स्वतः चालायच्या खूप आधी बोलायला लागणार आहे. तो कसा बोलतो, हे आत्ताच ठरतंय, आणि ते ठरवताना सोलापूर लाइनच्या ड्रायव्हरांना कुणी विचारलेलं नाही ही माझी खरी तगमग आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट कोणती?

गाडीनं स्टेरिंग परत माणसाच्या हातात देण्याचा क्षण.

संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५७ आपोआप लेन धरून चालणाऱ्या गाड्यांसाठी २०२० मध्ये मंजूर झाला. तेव्हा तो ताशी ६० किलोमीटरपर्यंतच होता, नंतर वेगाची मर्यादा १३० पर्यंत वाढली आणि अवजड वाहनंही त्यात आली. त्यात असं आहे की गाडीनं ड्रायव्हरला हाक मारल्यावर त्याला किमान दहा सेकंद द्यायचे. तो आलाच नाही तर गाडीनं हळूहळू वेग कमी करून, चारही इंडिकेटर लावून थांबायचं.

दहा सेकंद ऐकायला पुष्कळ वाटतात. चौपदरी रस्त्यावर आपल्या मालट्रकला ताशी ८० ची मर्यादा आहे. त्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे दहा सेकंदांत सव्वादोनशे मीटर. सावळेश्वर टोलनाक्याची रांग दिसायला लागल्यावर हाक मारली, तर ड्रायव्हर सावरेपर्यंत रांगेचं शेपूट समोर आलेलं असेल. आणि माणसं सारखी नसतात. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलेल्या प्रयोगात कसलीही घाई नसताना काहींनी दोनेक सेकंदांत ताबा घेतला, तर काहींना पंचवीस सेकंद लागले. सरासरी काढून डिझाइन केलं तर तो पंचवीस सेकंद लागणारा माणूस सुटतो, आणि अपघात त्याचाच होतो.

शिवाय हात स्टेरिंगवर आले म्हणजे भान आलं असं नाही. इथं मला नेहमी वडील आठवतात. लांबच्या खेपेला गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे. नळदुर्गाच्या अलीकडं ढाब्यावर गाडी लागायची, मागं झोपलेल्या काकांना उठवायचे, ते तोंड धुवायचे, चहा व्हायचा. आणि मग वडील सांगायचे: “मागचा डावा आतला टायर तापतोय. ब्रेक जरा उशिरा धरतोय. उमरग्याच्या पुढं एका बाजूचा रस्ता उकरलाय.” काका गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टायरला हात लावून बघायचे, आणि चावी घेताना म्हणायचे, “हं, आली माझ्याकडं.” ते म्हटल्याशिवाय वडील झोपत नसत.

मला जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत यापेक्षा चांगलं हस्तांतर सापडलेलं नाही. विमानातही वैमानिक ताबा देताना आणि घेताना मोठ्यानं बोलून खात्री करतात, ते याच कारणानं. म्हणून आमच्या आराखड्यात हाक एका झटक्यात येत नाही. आधी काही मिनिटं सूचना: पुढच्या नाक्याआधी गाडी तुमच्याकडं येणार. मग पुढं काय आहे ते एका वाक्यात. मग स्टेरिंग धरायची हाक. ड्रायव्हरनं स्टेरिंगवरची दोन्ही बटणं एकदम दाबली की गाडी म्हणते, “गाडी तुमच्याकडं.” दोन्ही बटणं अशासाठी की एका हातात चहाचा ग्लास असेल तर ती दाबता येऊ नयेत.

मग आवाज कसला ठेवलाय? बझर?

बझरनंच आम्हाला शिकवलं. होटगी रोडला एका शेडमध्ये आम्ही केबिनचा सांगाडा उभा केला होता: खरी सीट, खरं स्टेरिंग, समोर पडदा. पन्नाशीचे एक ड्रायव्हरकाका बसले होते. गाडी ‘चालत’ होती, काका निवांत. हाकेचा आवाज झाला, सलग, जाड, नाकातून आल्यासारखा. काकांनी स्टेरिंग धरलंच नाही. ते वाकून डॅशच्या डाव्या कोपऱ्यात बघायला लागले आणि उजवा पाय ब्रेकवरून काढून घेतला.

चाचणी थांबवून विचारलं, तर म्हणाले, “हवा उतरली ना? काटा कुठाय तुमचा?”

आम्ही निवडलेला आवाज ब्रेकच्या हवेच्या बझरसारखा होता. जड गाडीत टाकीतला दाब कमी झाला की तो वाजतो. रोज सकाळी गाडी चालू करताना हवा भरेपर्यंत तो ऐकायचा, अशी त्यांची तीस वर्षं गेलेली. त्या आवाजाचा अर्थ त्यांच्या अंगात होता. आमची चूक ही की आम्ही तो आवाज ‘लक्ष वेधणारा’ म्हणून निवडला, आणि तो आधीच कुणाचा आहे हे विचारलं नाही. त्यानंतर आम्ही गाडीत आधीपासून वाजणाऱ्या प्रत्येक आवाजाची यादी केली. हाकेसाठी आता आधी दोन चढते सूर आणि लगेच माणसाचा आवाज. आपत्कालीन ब्रेकचा इशारा वेगळा, तो बोलत नाही, कारण तेव्हा वाक्य ऐकायला वेळच नसतो.

सीटचं थरथरणं चांगलं काम करतं, पण खडबडीत रस्त्यावर ते बुडून जातं. म्हणून एकट्या थरथरण्यावर काहीही सोपवायचं नाही.

ट्रक मराठीत बोलणार का?

बोलायलाच हवा, पण ‘मराठी’ म्हणून भागत नाही. सोलापूरचा ड्रायव्हर घरी तेलुगू बोलतो, कन्नड बोलतो, दखनी उर्दू बोलतो, बाजारात मराठी, लाइनवर हिंदी. गिरणगावाचा आणि पद्मशाली विणकरांचा हा वारसा आहे, आणि विजयपूर, कलबुर्गी हाकेच्या अंतरावर. म्हणून भाषा निवडण्याची सोय गाडीला नाही, माणसाला जोडलेली हवी. ड्रायव्हर बदलला की भाषा बदलली पाहिजे, आणि तीही मेनूच्या सहा पायऱ्या न उतरता.

त्याहून मोठा प्रश्न शब्दांचा. सुरुवातीला कंपनीकडून आलेला शब्द होता ‘टेकओव्हर’. गोंगाटात तो ‘ओव्हरटेक’ ऐकू येतो. विचार करा, गाडी म्हणते ताबा घ्या, आणि ड्रायव्हर ऐकतो पुढच्याला मागं टाका. मग कुणीतरी भाषांतर करून दिलं: ‘कृपया वाहनाचे नियंत्रण आपल्या हाती घ्यावे.’ सरकारी परिपत्रकाला शोभेल असं वाक्य. म्हणायला चार सेकंद, आणि कामाचं क्रियापद अगदी शेवटी. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, हे आपल्या भाषेचं वळण आहे. म्हणून वाक्य आखूड ठेवणं हा एकच उपाय. चाचणीत टिकलं ते दोन शब्दांचं वाक्य: “स्टेरिंग धरा.” ‘स्टिअरिंग’ नाही, ‘सुकाणू’ तर नाहीच.

‘धर’ की ‘धरा’? एका तरुण सहकाऱ्याला वाटत होतं की ‘धर’ आखूड आहे, तेच ठेवावं. आम्ही ऐकवून बघितलं. एका ड्रायव्हरनं शांतपणे सांगितलं, “मालकसुद्धा मला अहो-जाहो करतो. ही गाडी कोण?” अर्धं अक्षर वाचवण्यासाठी माणसाचा मान घालवायचा नाही. ‘धरा’च राहिलं.

वाचता न येणाऱ्या ड्रायव्हरांचं काय?

व्यावसायिक लायसन्ससाठी असलेली आठवी पासची अट केंद्रानं २०१९ मध्ये काढून टाकली. ते योग्यच झालं, हुशारी शाळेच्या दाखल्यावर ठरत नाही. पण याचा अर्थ असा की मजकुरावर विसंबणारा इशारा हा अर्धवट इशारा आहे. गाडीतल्या चिन्हांची आंतरराष्ट्रीय प्रमाणं आहेत, ती ड्रायव्हरांना ओळखीची असतात: तेलाची बुधली, बॅटरी, हातब्रेकचं वर्तुळ. आपोआप चालण्यासाठी अशी सगळ्यांना माहीत झालेली चिन्हं अजून नाहीत. आम्ही स्टेरिंगचं चित्र आणि त्यावर हात असणं किंवा नसणं, एवढंच वापरतो. रंगावर एकट्यानं काही सांगत नाही, कारण काही पुरुषांना तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

उन्हात स्क्रीन दिसतो का?

मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पारा ४२ वर असताना, काचेतून ऊन थेट डॅशवर येतं तेव्हा बहुतेक स्क्रीन आरशासारखे होतात. संध्याकाळी पुण्याकडं जाताना सूर्य समोर. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे फार चांगलं झालं, पण ऊन त्यानं थांबत नाही. महत्त्वाचं ते स्टेरिंगच्या मागं, सावलीत, जाड अक्षरात आणि गडद पार्श्वभूमीवर हवं.

ड्रायव्हरला झोप लागली तर गाडी सांभाळेलच ना?

हा प्रश्न मालक विचारतात, आणि मला तो ऐकून भीती वाटते. नुसतं बघत बसणं हे माणसाला सगळ्यात कठीण जाणारं काम आहे. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये रडारवरच्या सैनिकांच्या संदर्भात दाखवलं की अधूनमधून येणारी खूण टिपायचं काम दिलं, की अर्ध्या तासातच माणूस चुकायला लागतो. त्यात सैनिकाचा आळस नव्हता, मेंदूची घडणच तशी आहे. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी कारखान्यांबद्दल हेच मांडलं: सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडं फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि सराव मात्र त्याचा तुटलेला असतो.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपे शहरात चाचणीवर असलेल्या एका आपोआप चालणाऱ्या कारनं रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना धडक दिली, त्यात त्या गेल्या. सीटवरची व्यक्ती मोबाइल बघत होती. पण तपासात हेही निघालं की गाडीला त्या साडेपाच सेकंद आधी दिसल्या होत्या. ही सायकल आहे, वाहन आहे की आणखी काही, हे ठरवण्यात तिचा वेळ गेला, आणि सीटवरच्या माणसाला इशारा मिळाला तो धडकेच्या अगदी क्षणभर आधी. मी हा प्रसंग प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. ‘मला नीट कळत नाहीये’ हे गाडीला सांगता आलं पाहिजे. खात्री नसेल तर गप्प बसायचं नाही.

तर नाही, झोपेवर उपाय म्हणून ही गाडी घेऊ नका. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनी किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. झोपेवरचा उपाय तो आहे.

तो ड्रायव्हरकडं बघणारा कॅमेरा, ती पाळत नाही का?

कॅमेरा डोळे मिटलेत का, मान कुठं वळली आहे, हे बघतो. त्याच्याशिवाय गाडीला हे कळणारच नाही की हाक ऐकायला माणूस जागा आहे की नाही. इथपर्यंत मला तो मान्य आहे. पण तेच चित्र मालकाच्या मोबाइलवर थेट जायला लागलं की ड्रायव्हर त्यावर टॉवेल टाकणार.

आणि टाकतातच. एका गाडीत बसलो तेव्हा डॅशभर सोलापुरी टॉवेल पसरलेला होता, उन्हानं डॅश तापू नये म्हणून. मधोमध तुळजाभवानीचा फोटो, त्याला हार. आमच्या आराखड्यात कॅमेऱ्याची जागा नेमकी हाराच्या मागं येत होती. मी काय सांगणार होतो, देवी हलवा? कॅमेरा हलवला. तो आता काचेच्या डाव्या खांबावर आहे. चित्र गाडीतच तपासलं जावं, साठवलं जाऊ नये, बाहेर जावा तो फक्त ‘पेंग’ एवढा निरोप, आणि तोही आधी ड्रायव्हरला, ही माझी भूमिका आहे. ती सगळ्यांना पटलेली नाही, मी मांडत राहतो.

गाडी कुठल्या मोडमध्ये आहे हे विसरलं तर?

२० जानेवारी १९९२ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ एक एअरबस ए३२० डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. तपासातून पुढं आलेलं सगळ्यात शक्य कारण असं: उतरण्याचा कोन ३.३ अंश ठेवायचा होता, पण यंत्र दुसऱ्या मोडमध्ये असल्यानं तोच आकडा मिनिटाला ३,३०० फूट उतरण्याचा आदेश ठरला. फलकावर एकीकडं ३.३, दुसरीकडं ३३. फरक एका टिंबाचा.

म्हणून मोड बदलला की फक्त एक अक्षर बदलून चालत नाही. आमच्याकडं पूर्ण फलकाची मांडणी बदलते आणि स्टेरिंगच्या कडेची पट्टी उजळते. डोळ्याच्या कडेनंही कळलं पाहिजे.

रस्त्यावरच्या इतरांशी ट्रक कसा बोलणार?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपल्या रस्त्याची स्वतःची भाषा आहे आणि ती कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेली नाही. मागच्याला साइड द्यायची तर ट्रकवाला उजवा इंडिकेटर लावतो, किंवा क्लीनर खिडकीतून हात हलवतो. तोच उजवा इंडिकेटर ‘मी उजवीकडं वळतोय’ असंही सांगतो. दोन्हीतला फरक मागचा ड्रायव्हर गाडीचा वेग, वळण जवळ आहे का आणि ट्रक कुठल्या कडेला सरकलाय यावरून ओळखतो. डिपरचं, म्हणजे हेडलाइट मारून खुणावण्याचंही तसंच. युरोपात समोरच्यानं दिवे मारले तर बऱ्याचदा अर्थ ‘जा तुम्ही’ असा असतो. इथं अर्थ ‘मी येतोय, थांबा’. तिकडून आलेलं सॉफ्टवेअर तसंच बसवलं तर मोहोळच्या चौकात काय होईल, हे सांगायला नको.

बाहेरच्या लोकांना गाडी आपोआप चालतेय हे कळावं का? डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांनी मर्सिडीजला त्यासाठी निळसर हिरवे दिवे लावायला परवानगी दिली, कारण तो रंग आधी कुठल्याही अर्थासाठी राखलेला नव्हता. चिलीतल्या तांब्याच्या खाणीत २००८ पासून आपोआप चालणारे डंपर आहेत. खाणीतल्या अशा गाड्यांवर मोड सांगणारे दिवे असतात, म्हणजे जवळ जाणाऱ्या माणसाला कळतं की वर कुणी बसलेलं नाही. आपल्याकडं रंगीत दिव्यांची हौस प्रत्येक ट्रकला आहे, त्यामुळं इथं कुठलाच रंग मोकळा नाही. मला वाटतं इथं दिव्यापेक्षा गाडीची चालच बोलेल: लवकर वेग कमी करणं, कडेला स्पष्टपणे सरकणं.

आणि क्लीनर. तो नुसता मदतनीस नव्हे. डावी बाजू बघणारा, ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ म्हणणारा, बंद पडलेल्या गाडीमागं दगड आणि झाडाची फांदी ठेवणारा तोच. अमेरिकेत नियम आहे की ट्रक रस्त्यात थांबला तर दहा मिनिटांत मागच्यांना इशारा देणारे त्रिकोण मांडायचे. ड्रायव्हरच नसेल तर ते मांडणार कोण, यावर तिथं मोठा वाद झाला. आपल्याकडंही गाडी ‘सुरक्षितपणे थांबली’ असं संगणक म्हणेल तेव्हा मी विचारणार: मागं फांदी कुणी ठेवली?

उसाच्या ट्रॉल्या, दिंड्या, यांचं गाडीला काय कळणार?

सगळं कळेल असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरपासून हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीनं झाकलेला. रात्री माणसालाही ती शेवटच्या क्षणी दिसते. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरतो आणि वाहतूक दुसरीकडं वळवतात.

इथं इंटरफेसचं काम असं की गाडीनं आपली हद्द आधी सांगावी. ‘बाळ्यापर्यंत मी, पुढं तुम्ही.’ निघतानाच, बिल्टी (मालाची पावती) हातात असताना. पोलिसांनी रस्ता वळवला, नकाशा चुकला, धूळ उडाली, की गाडीनं पुन्हा आधीच सांगावं. आपली मर्यादा आधी सांगणारा सहकारी ड्रायव्हरांना आवडतो. न सांगता ऐन वेळी हात वर करणाऱ्याबरोबर कुणी दुसरी खेप करत नाही.

एकामागं एक ट्रकांची साखळी, ते काय झालं?

मागचा ट्रक पुढच्याशी वायरलेसनं जोडायचा आणि इंधन वाचावं म्हणून त्याच्या अगदी जवळून चालवायचा, अशी ती कल्पना. २०१६ मध्ये युरोपातल्या सहा कंपन्यांचे ट्रक असे साखळीनं रॉटरडॅमपर्यंत गेले. डायमलरनं २०१९ मध्ये इंधनाची बचत अपेक्षेएवढी होत नाही म्हणून त्यातून अंग काढून घेतलं. इंटरफेसच्या दृष्टीनं त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की मागच्या ड्रायव्हरला तासन्‌तास फक्त पुढच्याची मागची बाजू दिसते. काही चाचण्यांत त्याला पुढच्या गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्र दिलं. रस्ता दिसत नसला की माणूस अस्वस्थ होतो.

खरं सांगा, नोकऱ्या जाणार का?

माझ्याकडं याचं गोड उत्तर नाही. काही लांब, सरळ, रिकाम्या रस्त्यांवरचं काम पुढं कधीतरी कमी होईल. पण माल भरून घेणं, ताडपत्री आवळणं, नाक्यावर कागद दाखवणं, हमालांशी बोलणं, सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांच्या गर्दीत मागं घेणं, ही कामं संगणकाला सरळ रस्त्यापेक्षा कितीतरी अवघड आहेत. मला काळजी वेगळी आहे. ड्रायव्हरचं नाव राहील, जबाबदारी राहील, अपघात झाला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल, आणि निर्णय मात्र त्याच्या हातात उरणार नाहीत. म्हणून गाडीनं कधी काय सांगितलं आणि स्टेरिंग कुणाकडं होतं, याची नोंद ड्रायव्हरलाही मिळायला हवी. ती त्याची ढाल आहे.

मी इंजिनिअरिंगला आहे. हे शिकायला सुरुवात कुठून करू?

एक खेप करा. परवानगी काढून, क्लीनरच्या सीटवर बसून, सोलापूर ते पुणे, रात्रीची. वही ठेवा आणि ड्रायव्हर कुठं बघतो, कधी बघतो, काय ऐकून पाय उचलतो, हे लिहा. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागानं सांगितलंय की एका वेळी रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये. ते वाचा, पण खेपेनंतर वाचा.

चाचणीला येणाऱ्या ड्रायव्हरांना पैसे देता का?

हो. बुडालेल्या खेपेइतके, आणि रोखीनं त्याच दिवशी. सुरुवातीला आम्ही चहा-नाष्टा आणि एक टी-शर्ट देत होतो. लोक यायचे, सगळं छान आहे म्हणायचे आणि जायचे. पैसे द्यायला लागल्यापासून ते चुका दाखवायला लागले, कारण आता ते कामावर होते. चाचण्या आम्ही डिसेंबर-जानेवारीत ठेवत नाही. तेव्हा कांद्याची आवक जोरात असते आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही असते, गाड्या कुणाकडं मोकळ्या नसतात. पुढची फेरी पावसाळ्यात आहे. या वेळी क्लीनरनाही बोलावलंय.